हाराआधीची फ्रेम

शपथेवर सांगतो, गोष्ट अगदी खरी आहे. म्हणजे थोडी सोडून. फार पूर्वी, म्हणजे मोबाइल आल्यावर, वत्सूआत्याचा खळखळून हसतानाचा फोटो भाच्याच्या गच्च भरलेल्या फोनमध्ये तळमळत होता. आज ना उद्या तो पुसला जाणार होता.

भिंतीवरची रिकामी फ्रेम म्हणाली, "ये की माझ्यात!"

"नको गं बाई! तुझ्या शेजारचे सगळे हार घालून बसलेत. आत्या चांगली धडधाकट आहे."

"मग बस तिच्या मरणाची वाट बघत! त्या घाईत तुला कोण शोधणार? आधारकार्डावरचा लावतील."

भाच्यानं फोनमधले फोटो पुसायला घेताच आत्याचा हा फोटो दिसावं म्हणून सगळ्यांच्या पुढे घुसला. आत्या फोनमध्ये डोकावली. "अगोबाई, मी अशी हसते? छापून लाव रे, माझ्या डोळ्यांदेखत!"

फोटो आणि फ्रेम बोलली, हे माझ्या पदरचं. पण आत्या हल्ली आरसा सोडून त्या फोटोसमोर वेणी घालते, ते जाऊन बघा.