राक्षसाचं कापलेलं वाक्य

"पण बाबा, लोकांना हसवण्यात वाईट काय आहे?"

निळकंठनं हे विचारलं तेव्हा दोर निम्मा वळून झाला होता.

मठाच्या अंगणाच्या एका टोकाला बाबा बसले होते, दुसऱ्या टोकाला निळकंठ उभा होता. मधे अंबाडीचा वीस हात दोर. इथल्या विहिरीचा दोर आम्ही शिष्य दरवर्षी बाबांबरोबर इथेच वळतो. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं ताण धरायचा. मी बाजूला बसून वाख, म्हणजे अंबाडीचे सुटे धागे, विंचरून देत होतो.

"वाईट... असं कोण म्हणालं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. म्हणून तर विचारतोय."

बाबा पीळ देत राहिले.

निळकंठ चार वर्षं या मठात राहून शिकला. आता तो शहरात असतो, मुलांसाठी पुस्तकं लिहितो. बाबा दोर वळताना एक जुनी गोष्ट सांगायचे. ती त्यानं विनोदी करून नव्यानं लिहिली. पुस्तक हातोहात गेलं. दुसऱ्या आवृत्तीच्या मागच्या पानावर छापायला त्याला बाबांचा अभिप्राय हवा होता. एकच ओळ. सोमवारपासून छपाई सुरू व्हायची होती.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ते पुस्तक मीही वाचलं होतं, आणि पोट धरून हसलो होतो.

"तुम्ही नका बोलू, बाबा. पण वाचक काय म्हणतात ते तरी ऐका," निळकंठ म्हणाला. "पत्रं आणलीत. वाचू?"

"वाच. दोर... सोडू नकोस."

त्यानं दोराचं टोक कमरेला बांधलं आणि कापडी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. खुंट्याला बांधलेल्या वासरानं व्याख्यान द्यावं तसा तो दिसत होता. मी हसू दाबलं.

"हे एक निवृत्त मुख्याध्यापक. 'एकतिसाव्या पानावर आमच्या सौ. इतक्या हसल्या की चहा नाकात गेला.'"

"हं."

"या नागपूरच्या बाई. 'राक्षस पळतो तो प्रसंग आम्ही सोसायटीच्या गणपतीत बसवला. मंजुळेचं काम माझ्या मुलानं केलं. काय तोतरं बोलला! पहिलं बक्षीस मिळालं.'"

बाबांचा हात क्षणभर थांबला. पुन्हा चालू झाला.

"एकानं लिहिलंय, बारा नंबरच्या पानावर घागर उलटी छापलीय. ते बरोबर आहे. आणि हे ऐका, हे एका मोठ्या मासिकातलं. 'लेखकानं या लोककथेवर साचलेली धूळ झटकली आहे.'"

"धूळ?"

"म्हणायची पद्धत असते, बाबा."

"किती... पत्रं?"

"त्रेसष्ट."

"सगळे... हसले?"

"सगळे."

असं म्हणताना त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. मला ते दिसलं, म्हणजे बाबांना आधीच दिसलं असणार.

ते म्हणाले, "गोष्ट... सांग."

"तुमचीच तर गोष्ट आहे."

"सांग."

गोष्ट अशी. एका गावाच्या विहिरीवर राक्षस बसलेला असतो. पाण्याला येईल त्याला नाव विचारायचं आणि नाव सांगून झालं की गिळायचं, हा त्याचा नेम. नाव न विचारता गिळलं तर त्याला पचत नाही. माणसं घाबरून भराभरा नावं सांगतात आणि तितक्याच भराभरा त्याच्या पोटात जातात. शेवटी कुंभाराची मंजुळा घागर घेऊन येते. ती तोतरी. तिला आपलं नाव सांगता येत नाही.

पुढे निळकंठच्या पुस्तकात मंजुळा दोन पानं नुसतं म-म-म-म करते. राक्षस तिला नावं सुचवतो. मथुरा का? मैना का? मालन का? मग काठावर डोकं आपटतो आणि शेवटी कानात बोटं घालून जंगलात पळून जातो. चहा नाकात गेला तो इथेच. माझाही गेला होता.

"आणि... माझ्या गोष्टीत?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या गोष्टीत तो पळत नाही. तो म्हणतो, 'सांग सावकाश. मी बसलोय.' आणि बसून राहतो. ती नाव सांगायला बघते, तो ऐकायला बघतो, आणि तेवढ्या वेळात सगळं गाव पाणी भरून नेतं. तिचं नाव सांगून होतं तेव्हा आपल्याला खायचं होतं हेच तो विसरलेला असतो."

बाबांचं एरवीचं बोलणं थांबत थांबत असतं. पण राक्षसाचं हे वाक्य ते दरवेळी सलग म्हणायचे, एकदाही न थांबता. त्याचं कारण मी कधी शोधलं नव्हतं.

"ते वाक्य... कुठे गेलं?"

"कापलं." निळकंठनं कमरेचा दोर सारखा केला. "तिथे कुणी हसत नव्हतं, बाबा. गोष्ट अडून बसत होती."

बाबांनी मान डोलावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"खिशात... काय आहे?"

निळकंठनं खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. घडी घालघालून त्याला मधोमध चीर पडली होती.

"हे त्यातलं नाही. हे वेगळं आहे," तो म्हणाला.

"वाच."

"बाबा, एखादं पत्र असं येतंच."

"वाच."

त्यानं वाचलं. मघाचा आवाज राहिला नव्हता.

"'सप्रेम नमस्कार. आपलं पुस्तक मी माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आणलं. केतकी नाव, चौथीत आहे. पहिल्यांदा मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. घरात सगळे हसलो, तीही हसली. नंतर पुस्तक तिच्या वर्गात पोचलं. मुलं आता तिला मममंजुळा म्हणतात. तिचं बोलणं जरा अडतं, हे लिहायचं राहिलं. हजेरीला ती आता नुसता हात वर करते. बाईंनी तेवढ्यावर चालवून घेतलं आहे.'"

तो थांबला.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"'तक्रार नाही. वाचणारा मीच होतो. एकच विचारायचं होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला आपण लिहिलं आहे की ही गोष्ट मूळची वेगळी आहे. केतकी विचारते, मूळच्या गोष्टीत राक्षस काय करतो? ठाऊक असल्यास कृपया कळवावं.'"

मी विंचरलेलाच वाख पुन्हा विंचरायला घेतला.

"कधी... आलं?"

"तीन महिने झाले."

"उत्तर?"

"काय लिहू?" निळकंठचा आवाज एकदम चढला. "त्रेसष्ट घरं हसली, बाबा. एका घरात असं झालं. प्रत्येकाला सांभाळत बसलो तर विनोद लिहायचाच नाही का कुणी? मी काय त्या मुलीला ओळखत होतो? माझ्या ओळखीत तोतरं कुणी नाहीच!"

बाबांनी हातातला दोर खाली ठेवला.

अर्धा वळलेला दोर त्यांनी असा टाकलेला मी कधी पाहिला नव्हता. ताण जाताच पीळ उलटा फिरला आणि तासाभराचं काम अंगणात मोकळं होऊन पडलं.

"पुस्तक... दे."

निळकंठच्या पिशवीतून काढून ते मीच नेऊन दिलं. बाबांनी पहिलं पान उघडलं. तिथे अर्पणपत्रिका होती. 'ज्यांच्या मौनानं मला शब्द दिले, त्या बाबांना.' ती त्यांनी वाचली आणि पान उलटलं. एकतिसाव्या पानावर ते थांबले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. बाबांना मोठ्यानं वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. गोष्ट सांगतानाही मंजुळेच्या नावापाशी ते थांबले की ते नाव मीच पुरवायचो. मठात रोजची पोथी मीच वाचतो. बाबांचं थांबून बोलणं म्हणजे चिंतन आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला मीच सांगायचो. त्यांचं नावही आम्हांला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर ते नुसते हसायचे, आणि मी पुढे होऊन सांगायचो की साधूला नाव नसतं. लोक हात जोडायचे. वीस वर्षं हे चाललं होतं.

बाबा वाचू लागले.

"'राक्षसानं... विचारलं, तुझं नाव काय? ती म्हणाली...'"

आणि ते अडले.

ओठ मिटलेले होते. त्यांच्या मानेची शीर वर आली. डोळे घट्ट मिटले. उजव्या हाताचा अंगठा मांडीवर एकसारखा आपटत होता. आवाज म्हणून काहीच येत नव्हता.

आत चुलीवरची डाळ उतू गेल्याचा वास आला. मी उठलो नाही.

"मंजुळा," निळकंठ हळूच म्हणाला.

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघून नकाराची मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"'तुझं नाव काय? ती म्हणाली...'"

पुन्हा तेच. अंगठा मांडीवर आपटत राहिला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, कानात बोटं घालून.

"मंजुळा," बाबा म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटलं. कपाळावरचा घाम उपरण्यानं पुसला.

"हे... चुकीचं लिहिलंयस," ते म्हणाले. "तू लिहिलंस, अक्षर... चारदा येतं. कुणाकुणाचं येतही असेल. माझं... येतच नाही. शब्द आत... असतो. दार... उघडत नाही."

निळकंठचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मला वाटायचं... तुम्ही विचार करून बोलता."

"कधी कधी... तेही करतो."

मला हसू आलं नाही. निळकंठलाही आलं नाही. हसले ते फक्त बाबा, तेही थोडंसं.

"ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली होती?" निळकंठनं विचारलं. हा प्रश्न त्यानं आधी विचारायला हवा होता. चार वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून तो निघाला नव्हता.

"आईनं."

"म्हणजे तुमच्या गावाकडची गोष्ट?"

"नाही. शाळेचा... पहिला दिवस. मास्तरांनी नाव विचारलं. मी... घरी पळून आलो. तिनं चुलीपुढे बसून... रचली. दुसऱ्या कुणाला... ठाऊक नव्हती."

निळकंठ त्या पत्रांच्या गठ्ठ्याकडे बघत होता. वरच मासिकाचं कात्रण होतं. त्यानं ते पालथं केलं.

"मग त्या दिवशी... नाव सांगितलंत तुम्ही? आईला तरी?"

बाबांनी काही सांगायला तोंड उघडलं आणि ते पुन्हा अडले. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. निळकंठकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मानेची शीर वर आली, अंगठा हलू लागला. आम्ही दोघंही हललो नाही. विहिरीवर दोन बाया घागरी घेऊन आल्या, जुन्या दोरानं पाणी शेंदलं आणि भरून निघूनही गेल्या.

"महिपती," बाबा म्हणाले.

वीस वर्षं ज्याच्या पायाशी बसलो, त्या माणसाचं नाव मी त्या दिवशी ऐकलं. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. ते पुस्तक वाचून हसलो याची तर वाटलीच. पण जास्त लाज वाटली ती त्या 'साधूला नाव नसतं'ची.

निळकंठनं कमरेचा दोर सोडला आणि तो अंगणात खालीच बसला, मोकळ्या झालेल्या वाखात. पोस्टकार्ड अजून त्याच्या हातात होतं.

"सोमवारची छपाई थांबवतो," तो म्हणाला. "पुस्तक मागे घेतो, बाबा. सगळं जाळून टाकतो."

"तिनं ते... मागितलं नाही."

"मग?"

"मुलगी विचारते... राक्षस काय करतो. तीन महिने... वाट बघतेय." बाबांनी पोस्टकार्डाकडे बोट केलं. "काय... सांगशील तिला?"

निळकंठनं तोंड उघडलं.

"तिला मी..."

पुढे काही येईना. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. शब्दांवर जगणारा हा माणूस, एकतिसावं पान त्यानं एका बैठकीत लिहिलं होतं म्हणे. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ते बघवेना.

"त्याला म्हणायचंय की..." मी सुरुवात केली.

बाबांनी हात वर करून मला गप्प केलं.

ते जागचे उठले. मधलं अंगण ओलांडून निळकंठसमोर आले. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, मांडी घातली, उपरणं मांडीवर ठेवलं.

"सांग सावकाश. मी बसलोय."