थव्यातला परका

किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी ड्रोनविरोधी योजना आखायला राजाध्यक्ष साहेब बंदरावर आले. पण बैठकीत जो तो त्यांना सोडून कोळीण चांगुणाबाईंचाच सल्ला घेऊ लागला, तसं साहेबांच्या पोटात दुखू लागलं. वाळूवरच मांडलेल्या जेवणात त्यांनी बाईंच्या तळलेल्या मांदेली मासळीला हातही लावला नाही. उलट सीगलच्या थव्यात उंचावर एक ड्रोन सोडायला लावला.

"सांगा बाई, यातला ड्रोन कोणता?"

बाईंनी पाटीभर मासळी वाळूत उपडी केली. सगळे पक्षी खाली झेपावले. वर एकच ठिपका उरला.

"हे योजनेत कसं लिहायचं?" साहेब फणकारले.

"लिवा ना साहेब, जो आमच्या मासळीला तोंड लावत नाय, तो परका."

सगळे साहेबांच्या भरल्या ताटाकडे बघू लागले. साहेबांनी एक मांदेली उचलली.