पाटीचं तळं

साहेब, तळ्याच्या भिंतीच्या पायाशी ती धार पडतेय ना, ती गळती नव्हे. दुरुस्तीचा कागद खिशातच ठेवा. त्या भोकापायी माणूस गेलाय.

फार मागची गोष्ट सांगतात. वरच्या गडाचं काम कायमचं थांबलं आणि बुरुज बांधणारे पाथरवट रिकामे झाले. त्याच सुमारास इथं तळं बांधायचं निघालं, म्हणून ते आशेनं खाली उतरले. पण तळ्यावरचा कारभारी म्हणे फार शहाणा! "तुम्ही बुरुजवाले. पाण्याच्या कामातलं तुम्हाला काय कळतं? पाट्या वाहा, बघून बघून शिकाल." चाळीस वर्षं दगड घडवलेल्या सखोजीच्या डोक्यावर त्यानं मातीची पाटी दिली. मेल्याला लाज कशी वाटली नाही!

सखोजीनं तीही वाहिली. भिंत वर चढायला लागली तेव्हा मात्र त्याला राहवेना. "पाण्याला वाट ठेवा, मालक. बुरुजामागची माती पावसात फुगते, तिथं आम्ही ठेवायचो."

कारभारी हसला. "तळ्याला भोक पाडतोस होय रे?"

श्रावणात तळं तुडुंब भरलं आणि भिंतीला पोट सुटलं. खालच्या वाडीत सखोजीची लेक गोदा, दहा दिवसांची बाळंतीण. कारभारी घोड्यावर बसून टेकडी गाठून मोकळा! सखोजी पहार घेऊन भिंतीशी उतरला. कुठला दगड काढला तर पाणी जाईल आणि भिंत राहील, हे बुरुज बांधलेल्यालाच ठाऊक. त्यानं तो काढला. लोंढ्यानं त्याला नेलं ते नेलंच. वाडी वाचली.

तेराव्यानंतर गोदा लेकरू छातीशी धरून आली म्हणे. बापाची पाटी चिखलानं भरून तिनं कारभाऱ्याच्या डोक्यावर ठेवली. "वाहा! आणि पुढं कुणाला कामाला लावशील तर आधी त्याला विचार, 'तुझ्या हाताला काय येतं?'"

आजही या शिवारात नवं काम काढणारा आधी गाळाची एक पाटी वाहतो आणि प्रत्येक गड्याला तोच प्रश्न विचारतो. तुम्ही सौरऊर्जेचा प्रकल्प आणलात, चांगलं केलंत. पण बंद पडलेल्या साखर कारखान्यातले आमचे फिटर, वायरमन तुमच्या पॅनलच्या काचा पुसतायत. का, तर त्यांना नवं काही जमायचं नाही म्हणे! मी सत्तावीस वर्षं बॉयलर सांभाळला, आता तुमच्या फाटकावर शिट्टी वाजवतो. एकदा तरी विचारलंत?

ही घ्या पाटी. चुंबळ मी करून देतो. डोकं वाकवा.