मिनेचा चेहरा

जपानातल्या किरिसावा गावाच्या वरच्या अंगाला, देवदारांच्या दाट सावलीत बुद्धाच्या शिष्यांच्या दगडी मूर्ती रांगेने बसल्या आहेत. सगळ्यांवर शेवाळ चढले आहे. फक्त कडेच्या एका मूर्तीचा चेहरा लख्ख आहे. यात्रेकरूंना देऊळ दाखवणाऱ्या हात्सु आजी तिथे थांबतात आणि ताकीची गोष्ट सांगतात.

ताकी ही गिसुके पाथरवटाची दुसरी बायको. पहिली, मिने, बाळंतपणात गेली होती. ताकीने तिला कधी पाहिले नव्हते. गिसुकेने या मूर्ती घडवल्या तेव्हा गावकरी त्यांत आपापली गेलेली माणसे शोधू लागले. एक दिवस शेजारीण कडेच्या मूर्तीपाशी थबकली. "अगं बाई, ही तर हुबेहूब मिने."

ताकीच्या मनात मत्सर पेटला. तिने सगळी रांग धुंडाळली. स्वतः ताकीसारखी एकही मूर्ती नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती तांदळाचे धुवण आणून मिनेच्या तोंडावर ओतू लागली. धुवणाने शेवाळ लवकर धरते. पावसाळा सरेपर्यंत नाकडोळे दिसेनासे झाले, म्हणे.

गिसुकेने एकदा तिला ओतताना पाहिले. तो रागावला नाही.

"माझी मूर्ती का नाही केलीत?" तिने विचारले.

"तू रोज समोर असतेस. तिचा चेहरा विसरत चाललो होतो, म्हणून केली."

हे ऐकूनही ताकीचे मन निवले नाही. धुवण ओतणे चालूच राहिले.

पुढे खाणीत दरड कोसळली आणि गिसुके गेला. आता ताकी त्याचा चेहरा मूर्तींमध्ये शोधू लागली. त्याने गावातली गेलेली माणसे दगडात उतरवली होती, स्वतःला मात्र नाही. शेवटी ती मिनेपुढे बसली आणि नखांनी शेवाळ खरवडू लागली. खालचा गाल हाताला अगदी गुळगुळीत लागला. इतर मूर्तींवर छिन्नीचे घाव तसेच होते. हा गाल त्याने किती दिवस घासला असेल कोण जाणे. मत्सर पुन्हा उसळला, पण तिने हात काढला नाही.

"त्याची माणसं आता आपण दोघीच," ती म्हणाली. मग जिवंत असेपर्यंत रोज येऊन तिने तो चेहरा धुतला, असे सांगतात.

आजही त्या भागात बिजवराशी लग्न ठरलेली मुलगी सासरी जाण्याआधी पाण्याची कळशी घेऊन इथे येते आणि मिनेचा चेहरा धुते. काही जणी हात जोडतात. काही जणी बराच वेळ नुसत्या बघत राहतात, आणि मग जरा जास्तच जोराने घासतात.