हाकललेल्या पोरांचं काय?

बंदरावरच्या सुतारशाळेचे प्रमुख हैबतराव भर दरबारात मिशीला पीळ देत म्हणाले, “महाराज, माझा एकूण एक पोरगा कामाला लागला. घाटावरच्या म्हाळसाबाईंची निम्मी पोरं अजून घरीच बसलीत. त्यांची शाळा बंद करा!”

महाराजांनी मान डोलावली आणि म्हाळसाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. कुठे जहाजं बांधणारं बंदर, कुठे त्यांचं ओसाड खेडं! तरी राग गिळून त्यांनी विचारलं, “हैबतराव, तुम्ही ढ म्हणून हाकललेली पोरं उपाशी मरत असतील, नाही?”

“छे! बंदरात त्यांनाही दुसऱ्याच दिवशी सुतारकाम मिळालं!”

“ऐकलंत, महाराज? तिथे काम बंदर देतंय. आमच्याकडे शाळेबाहेरच्या एकालाही काम नाही. मिळालं ते शिकलेल्यांनाच. आता कुलूप कुठल्या शाळेला लावायचं, ते हैबतरावांनाच विचारा.”