वेलनचा अर्धा किनारा

पूर्वी शूर्पारक बंदरावर अंशुमित्र राजाची सत्ता असताना बोधिसत्त्वांनी तिथल्या एका जहाजवाल्या श्रेष्ठीच्या घरी जन्म घेतला होता. कर्ते झाल्यावर त्यांनी व्यापार समुद्रापार नेला. शंखद्वीपावर शंख मुबलक होते आणि ते कापून बांगड्या करणारे कारागीर तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते. त्यांचा प्रमुख वेलन. बोधिसत्त्वांनी त्याच्याशी भागीदारी केली. जहाजे आणि भांडवल यांचे, हात आणि कसब त्यांचे, नफा निम्मा-निम्मा. द्वीपाच्या राजाने किनाऱ्याचा पट्टा दोघांच्या नावे करून दिला. एकाला काढायचे तर दुसऱ्याची संमती लागेल, अशी अट होती.

भागीदारी झाली आणि बोधिसत्त्वांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

वेलनच्या लोकांत चाल अशी, की काहीही ठरवायचे तर सगळ्यांनी वाळूत गोल बसायचे, प्रत्येकाने बोलायचे आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. बोधिसत्त्वांनी शूर्पारकाहून नव्या करवती आणल्या. त्यांना मूठ कोणत्या लाकडाची बसवावी, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. जहाज रिकामेच उभे. वारा पालटायला आला.

"वेलन, अरे, मूठ आहे ती! राजकन्येला वर शोधत नाही आहोत आपण!"

"श्रेष्ठी, हात आमचे सोलवटणार आहेत," वेलन शांतपणे म्हणाला. "आमची कोरी आजी अजून बोललेली नाही."

"मग बोलू दे ना तिला!"

"ती जेवायला गेली आहे."

या व्यापारात रोहक नावाच्या व्यापाऱ्याचेही भांडवल होते. त्याने परस्पर द्वीपाच्या राजाचे कान भरले. त्याच दिवशी राजाने रोहकाला आणि बोधिसत्त्वांना बोलावून घेतले.

"श्रेष्ठी, हे लोक तुमचा खोळंबा करतात म्हणे. एकदा हो म्हणा, वेलनचे नाव पट्ट्यावरून काढतो. सगळा किनारा तुमचा! तुमची माणसे आणा, आणखी परदेशी भांडवल येऊ द्या. द्वीपाची भरभराट होईल."

ज्यांच्या पिढ्या त्या वाळूत गेल्या त्यांना हाकलून द्वीपाची भरभराट होणार होती! मग भरभराट नेमकी कोणाची, हे राजाने सांगितले नाही आणि रोहकाने विचारले नाही.

"हो म्हणून टाका," रोहक कुजबुजला. "सकाळी तुम्हीच त्याच्या नावाने खडे फोडत होता."

ते खरेच होते. सकाळचा संताप अजून उतरला नव्हता आणि होकार बोधिसत्त्वांच्या अगदी ओठांवर आला होता. पण किनारा गेला की ती माणसे कुठे जाणार, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले आणि शब्द तिथेच अडला.

"महाराज, वेलन मला छळतो," ते म्हणाले. "उद्याही छळेल. पण या किनाऱ्यावर मी पाय ठेवला तो त्याचा हात धरून. त्याला हाकलायला माझी संमती मिळणार नाही."

राजा भडकला. त्याने बांगड्यांवरची जकात दुप्पट केली. "तुमच्या खुळापायी बुडायची मला हौस नाही," म्हणत रोहकाने आपले भांडवल काढून घेतले.

बोधिसत्त्व किनाऱ्यावर परतले आणि घडले ते त्यांनी वेलनला सांगितले. आता तरी हा माणूस दोन गोड शब्द बोलेल, असे त्यांना वाटले.

वेलनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मला न विचारता राजाला नाही म्हणालात? जकात माझ्याही वाट्याला येणार. भागीदारी आहे ना आपली?"

बोधिसत्त्वांनी कपाळावर हात मारून घेतला. मग वाळूत फतकल मारून म्हणाले, "चुकलो बाबा. बोलव सगळ्यांना."

सगळे आले, सगळे बोलले, आणि सगळ्यांचे म्हणणे पडले की नाही म्हणजे नाही. जकात दोघांनी मिळून सोसली.

ही हकीकत भिक्खूंना सांगून भगवंतांनी त्या जन्मातली माणसे ओळखून दिली. "तेव्हाचा रोहक म्हणजे आजचा देवदत्त आणि द्वीपाचा राजा म्हणजे त्याचा साथीदार कोकालिक. वेलन हा आपला आनंद. एकच गोष्ट तीनतीनदा विचारायची त्याची खोड या जन्मीही सुटलेली नाही. आणि वैतागलेला तो श्रेष्ठी मीच होतो. भिक्खूंनो, क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता, ती हीच."