पिठातली रेघ

मला न्हाई पटत त्याचं. तालुक्याला पूलचं, काठीनं बॉल मारायच्या खेळाचं, टेबल टाकलेला तो तुमचा पाव्हणा काल इथंच बसून म्हणला, नेम म्हणजे नुसतं माप. माप घेतलं की कुणीबी मारा, बॉल खिशात जाणारच, हाताचा काय संबंध न्हाई. आज तो आला न्हाई. मग तुम्ही ऐका.

एका गावात एक गेनू शिंपी होता. गावचा कॅरम चंद्राक्काच्या पिठाच्या गिरणीच्या पडवीत असायचा, आणि तालुक्याच्या सामन्याला कोण जाणार ते गेनू ठरवायचा. त्यानं नेमाची एक रीत काढली. खिशापासनं सोंगटीवरनं दोरा धरायचा, सोंगटीच्या मागं शिंप्याच्या खडूनं खूण करायची, आणि स्ट्रायकरपासनं त्या खुणेपर्यंत रेघ मारायची. "ह्यात माझं काय न्हाई," तो म्हणायचा. "रेघेवरनं गाढवानं मारलं तरी सोंगटी जाईल."

त्याच्या संघात भानुदास होता, दुधाच्या गाडीवरचा. आधी तो दहातल्या आठ सोंगट्या घालायचा. गेनूनं त्याला रेघ शिकवली, आणि त्याची एकबी जाईना. खिशाच्या कडेला लागून परत यायची.

"रेघ बरोबर हाय," गेनू म्हणला. "तुझा हात वाकडा." सामना चार दिवसांवर होता. गेनूनं संघाच्या कागदावरनं त्याचं नाव खोडलं.

भानुदास म्हणला, "सहा वर्षं खेळतोय, दादा. हात आताच वाकडा झाला व्हय?"

चंद्राक्का चाळणी घेऊन बाहेर आली. पांढरं पीठ तिनं सगळ्या बोर्डावर चाळलं. "गेनू, तुझी रेघ वढ आणि तूच मार."

गेनूनं पिठातच खडूच्या टोकानं रेघ ओढली आणि मारलं. सोंगटी खिशात गेली. "बघितलं?"

"मी पीठ बघतीया," अक्का म्हणली.

पिठात स्ट्रायकरची वाट उमटली होती. ती रेघेवर नव्हती. परत मारलं, परत सोंगटी गेली, परत वाट रेघ सोडूनच. स्ट्रायकर घासून जाताना सोंगटीला जरासं ओढतो, म्हणून नेमकं रेघेवरनं मारलं की ती खिसा चुकते. ते दोऱ्याला कळत नव्हतं. गेनूच्या हाताला कळत होतं, आणि हात गुपचूप सावरून घेत होता. गेनूला त्याचा पत्ताच नव्हता. भानुदास बिचारा मात्र खरोखर रेघेवरनं मारत होता.

गेनूनं पीठ पुसायला पंजा उचलला.

"पुसू नगं," अक्का म्हणली. "गळ्यात टेप हाय न्हवं? मोज की."

गेनूनं गळ्यातला टेप काढला. पंचवीस वर्षं कापड मोजलेला माणूस. खोटं माप त्याच्या तोंडातनं येईना. त्यानं टेप लावला.

"पाऊण इंच," तो म्हणला. "फरक हाय."

मग त्यानं कागद मागितला, आणि भानुदासचं नाव परत लिहिलं. सगळ्यात वर.

तात्पर्य: माझी रीत चुकतच न्हाई असं म्हणणाऱ्यानं आधी आपला हात कुठनं जातोय ते मोजावं, आणि तोवर दुसऱ्याच्या हाताला वाकडा म्हणू नये. आता त्या पाव्हण्याला फोन लावा. टेबलावर पीठ चाळून ठेव म्हणावं, आम्ही निघालोय.